गच्चीवर कारखाना-छाप सनरूम करायची आहे. ऊन हवं, भट्टी नको!

पोटमाळा | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, सल्ला हवाय. आमचं पुण्याजवळ मोशीला छोटं बंगलेवजा घर आहे. पहिल्या मजल्यावर झोपायच्या खोलीला लागून १४ बाय १० फुटांची उघडी गच्ची आहे. पूर्वेला घराची भिंत आणि दार, बाकी तीन बाजू मोकळ्या. दक्षिणेला रस्ता, पश्चिमेला रिकामा प्लॉट, उत्तरेला थोड्या अंतरावर शेजारी. लांबी (१४ फूट) दक्षिणोत्तर आहे.

तिथे सनरूम करायची फार दिवसांची इच्छा आहे, आणि तीही इंडस्ट्रियल थाटाची. काळ्या लोखंडी चौकटी, त्यांत लहान चौकोनी काचा, एक उघड्या विटांची भिंत, खाली सिमेंटची गुळगुळीत जमीन, वरून लोंबणारे कारखान्यासारखे दिवे. फोटो पाहून पाहून फोन भरलाय.

सासूबाईंना थंडीत गुडघ्यांना ऊन हवंय. नवऱ्याला तिथे बसून काम करायचंय. तो म्हणतो एसी लावू. मला पुस्तकं आणि झाडं. एका फॅब्रिकेटरने तीन बाजूंना आणि छताला १२ मिमी टफन काच असा आराखडा दिलाय. दिसतं झकास. पण मनात धाकधूक आहे. कोणी केलंय का असं काही?

खवचट_काका | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पुण्यात ऊन पैसे देऊन घरात आणायचं आणि मग ते घालवायला एसीचे पैसे द्यायचे. चालू द्या.

वऱ्हाडी_ठेचा | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

काका बोलले ते हसण्यावारी नेऊ नका. मी अकोल्यात केलं हे. काच नव्हती, पॉलिकार्बोनेटचं छप्पर, पांढरट रंगाचं. दुकानदार म्हणे थंड राहते. एप्रिलमध्ये दुपारी तीनला थर्मामीटर ठेवला, ५० च्या वर गेला काटा. दुसऱ्या उन्हाळ्यात वर गवताच्या पेंढ्या टाकल्या. आता पाहुणे विचारतात, हे काय गोठा बांधला का! त्या खोलीत सध्या कूलरचे खोके आन् सायकली आहेत.

बर्फाळ_बंड्या | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

टोरांटोहून लिहितोय. आमच्या घराला मागे सनरूम आहे, विकत घेतानाच होती. तुम्ही बघितलेले बहुतेक फोटो इकडचे किंवा युरोपातले असणार. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो. सात फुटी काचेतून आत आलेलं ऊन सोळा फूट आतपर्यंत लोळतं. बाहेर उणे दहा आणि आत मी बनियनवर, असे दिवस येतात. त्यासाठीच ही खोली.

पण जुलैत तिचं दार आम्ही लावून घेतो. सगळ्या खिडक्या उघड्या, जाळ्या लावलेल्या, तरी दुपारी कुणी बसत नाही. म्हणजे ४३ अंश अक्षांशावरही काचेची खोली उन्हाळ्यात कामाची नाही. तुम्ही १८ वर आहात.

कोनमापक | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

व्यवसायाने आर्किटेक्ट आहे, म्हणून जरा सविस्तर.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो. मार्चच्या २१ तारखेला साडेएकाहत्तर. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला तो नेमका डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो चक्क आपल्या उत्तरेला असतो. जूनच्या २१ ला डोक्याच्या पाच अंश उत्तरेला.

याचा अर्थ असा की आपल्याकडे उन्हाळ्यातला सगळा मारा छपरावर आणि पश्चिमेवर आहे. दक्षिण त्या मानाने गरीब बाजू. तुमच्या फॅब्रिकेटरने काच नेमकी छताला आणि पश्चिमेला दिलीय.

काचेचं म्हणाल तर साध्या पारदर्शक काचेतून उन्हातली चार पंचमांशांहून जास्त उष्णता आत येते. आत जमीन, खुर्च्या तापतात आणि त्यांतून जी उष्णता बाहेर पडते तिला काच परत जाऊ देत नाही. पडदे आतून लावले तरी उपयोग थोडा, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं, तापलेला पडदा खोलीतच असतो. अडवायचं तर काचेच्या बाहेर. लंडनला १८५१ मध्ये जोसेफ पॅक्स्टनने क्रिस्टल पॅलेस उभारला, लोखंड आणि काचेच्या इमारतींचा आदिपुरुषच म्हणा. त्यावरही उन्हासाठी बाहेरून कापड ताणावं लागलं होतं. तेही लंडनच्या उन्हात!

आणखी एक. वरून छप्पर आणि चारी बाजू बंद केल्या की महापालिकेच्या लेखी ते बांधकाम होतं, गच्ची राहत नाही. एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ती मर्यादा) शिल्लक आहे का ते आधी बघा. मुंबई वगैरे काही भाग सोडून राज्यभर २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे. मंजुरीशिवाय करून पुढे घर विकताना रडणारे दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात.

पोटमाळा | १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

बापरे. म्हणजे सनरूमच नको?

भोसरीकर | १० नोव्हेंबर, रात्री १०:३०

नको कशाला? करा की. पण छताची काच रद्द करा आधी.

माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं शेड आहे, वीस वर्षं झाली. १२ मिमी काच म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. तुमचं छत १३ चौरस मीटर. चारशे किलो नुसती काच, शिवाय ती पेलायला जाडजूड लोखंड. आणि डोक्यावर नुसती टफन कधीच घालायची नाही. टफन फुटली की तिचा चुरा होऊन सगळाच्या सगळा खाली येतो. कधी कधी काही न लागताही फुटते, काचेत निकेल सल्फाइडचा बारीक खडा राहिलेला असला तर. वर काच घालायचीच झाली तर लॅमिनेटेड, दोन काचांमध्ये फिल्म असलेली. ती तडकली तरी फिल्मला चिकटून राहते. ज्याने तुम्हाला छताला साधी टफन सांगितली त्याच्याकडून काम करून घेऊ नका, मग दर कितीही कमी असो.

साळखाता | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

धागा वाचून राहवलं नाही. वडील लालबागला गिरणीत साचे (माग) चालवायचे, साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात. ८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. लहानपणी एकदोनदा त्यांचा डबा द्यायला गेटपर्यंत गेलोय आणि एकदाच, दसऱ्याच्या पूजेला, खात्यात आत.

गिरणीचं छप्पर कधी नीट बघितलंय का? करवतीच्या दातांसारखं. एक बाजू उतरती आणि पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी बाजू जवळजवळ उभी आणि काचेची. आणि ती काचेची बाजू उत्तरेकडे. सगळ्या दातांची तोंडं एकाच दिशेला. आत शिरलो तेव्हा मला आठवतं ते एवढंच की दिवे नव्हते तरी लख्ख उजेड होता, आणि कुठेच उन्हाचा कवडसा नव्हता. कापडावरचा तुटका धागा दिसायला तसाच उजेड लागतो, सगळीकडे सारखा. सावली पडली की दोष लपतो.

तुम्हाला कारखान्याचा थाट हवाय ना, मग कारखान्याचं छप्पर घ्या की! काळ्या चौकटी हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा भाग आहे.

(वडिलांना हा धागा वाचून दाखवला. ८१ वर्षांचे आहेत. म्हणाले, "आयुष्यभर खात्यातून कधी सुटतोय असं व्हायचं, आणि लोक आता खातं घरात बांधतायत." मग जरा वेळाने म्हणाले, "उजेड मात्र चांगला होता. हवा नव्हती." सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा ठेवायचे, खिडक्या बंद. तेव्हा तेवढा भाग गिरणीकडून घेऊ नका.)

कोनमापक | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

साळखाता, __/\\__. मी काल एवढं लांबलचक लिहिलं आणि मुद्दा तुम्ही सांगितलात.

पोटमाळा, तुमची गच्ची यासाठी बनवल्यासारखी आहे. लांबी दक्षिणोत्तर. छपराचा एकच दात करा. दक्षिणेला खाली, उत्तरेला वर. १४ फुटांत १२ अंशांचा उतार दिला की उत्तरेकडची बाजू तीन फूट उंच होते. त्या तीन फुटांच्या पट्ट्यात, दहा फूट रुंद, काच. छप्पर स्वतः बंद, उष्णतारोधक. उतार दक्षिणेकडे असल्यामुळे पुढेमागे वर सोलर पॅनेल टाकायची तर दिशा आयती मिळाली.

जूनमध्ये सूर्य उत्तरेला असतो, मग उत्तरेच्या काचेतून ऊन येणार नाही का? दुपारी नाही. पाच अंशच कललेला असतो, काचेच्या वर तीन इंचांची पाळ बाहेर काढली तरी तीन फुटांची काच जवळपास झाकली जाते. सकाळ-संध्याकाळ तिरपं येईल थोडं, पण तोवर आपल्याकडे ढग आलेले असतात. मेअखेरीचे पंधरा दिवस काय ते सोसायचे.

आता सासूबाईंचं ऊन. ते दक्षिणेच्या काचेतून. दक्षिणेला छप्पर दोन फूट बाहेर काढा आणि त्याची कड जमिनीपासून साडेसात फुटांवर ठेवा. डिसेंबरात भर दुपारी ऊन जमिनीवर पावणेपाच फूट आत येईल. २१ मार्चला तेच अर्ध्या फुटावर आलेलं असेल. एप्रिलपासून दुपारी आत येणारच नाही. काही उघडायचं-मिटायचं नाही, पडदा ओढायचा नाही. हे गणित खोटं ठरलं तर माझी फी परत (घेतलेली नाहीये, पण तरी).

पश्चिमेला पाळीचा उपयोग शून्य, कारण चार-पाच वाजता सूर्य समोरून येतो. तिथे तुमची विटांची भिंत. पूर्ण नको, मधे विटा सोडून केलेली जाळी ठेवा, म्हणजे वारा येईल.

अडुळसा | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:००

झाडांचं कुणीच बोललं नाही म्हणून. उत्तरेच्या उजेडात मनीप्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड, नेचे मजेत राहतात. अडेनियम, तुळस, मोगरा यांना तो पुरणार नाही, ती दक्षिणेच्या काचेशी किंवा सरळ बाहेर. आणि काचेला पान टेकवून कुंडी ठेवू नका, पान भाजतं. मी एका उन्हाळ्यात सात नेचे असेच घालवलेत.

देवगडी | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४५

रंगाबद्दल. आमच्याकडे खारा वारा, त्यामुळे अनुभव जास्त. पुण्यात एवढं होणार नाही पण होणारच नाही असं नाही.

लोखंड वरून गंजत नाही, आतून गंजतं. चौकोनी पोकळ पाइपाचं तोंड उघडं राहिलं की पावसाचं पाणी आत जातं आणि खालच्या टोकाला साठतं. बाहेर रंग चकचकीत, आत पापुद्रे. चार वर्षांनी मी खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला! प्रत्येक तोंडाला टोपी वेल्ड करून घ्या. प्लॅस्टिकच्या टोप्या उन्हाने दुसऱ्या वर्षी गळून पडतात.

दुसरं, गॅल्व्हनाइज्ड पाइप घेतला आणि वेल्डिंग केलं की त्या जागचा जस्ताचा थर जळतो. तिथे जस्तवाला रंग लावायला सांगा. कारागीर हो म्हणतात आणि चंदेरी रंग फासतात. दोन्ही दिसायला सारखेच. डबा बघायला मागा.

भोसरीकर | ११ नोव्हेंबर, रात्री ९:३०

देवगडीशेठ अगदी खरं. आमच्या लाइनीत चंदेरी रंगाने बऱ्याच जणांचे संसार उभे राहिलेत.

ताई, आता माझ्याकडून चार गोष्टी. घाईत लिहितोय, क्रम लावून घ्या.

फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतो. वजनकाट्याची पावती मागायची. आणि पाइपाची जाडी व्हर्निअरने स्वतः बघायची. २ मिमी सांगून १.६ चा माल येतो. रंग झाल्यावर कुणालाच कळत नाही. खांबांना ७२ बाय ७२, ३.२ जाडीचा घ्या, मीटरला साधारण ७ किलो बसतो. काचेच्या चौकटींना हलकं सेक्शन चालेल.

छप्पर पडायची काळजी सगळे करतात, उडायची कुणी करत नाही. स्टँडर्डप्रमाणे पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. ढोबळ हिशेबाने चौरस मीटरवर ९० किलोच्या वर दाब होतो. तुमचं छप्पर पाळीसकट १५ चौरस मीटर, म्हणजे वळवाच्या वादळात ते चौदाशे किलोच्या जोराने वर ओढलं जाऊ शकतं. आणि पत्र्याच्या छपराचं स्वतःचं वजन त्याच्या पाव भागाएवढंही नसतं. नीट गुणक लावून आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या. फुकट सल्ल्यावर बांधू नका, माझ्यासुद्धा.

म्हणून खांब कुठे रोवताय ते महत्त्वाचं. गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा असतो, चार-सहा इंचांचा. कारागीर त्यावरच बेसप्लेट ठेवून ड्रिल मारतात. बोल्ट अडकतो विटांच्या तुकड्यात, स्लॅबपर्यंत पोचतच नाही. वर त्या भोकातून पाणी खालच्या खोलीत. दोन्हीकडून नुकसान. खांबाच्या जागेपुरता कोबा फोडायचा, खाली बीम आहे का बघायचं, बीमवर नऊ इंचांचा काँक्रीटचा ओटा उचलायचा, सळया केमिकल अँकरने (भोकात भरायच्या चिकट रसायनाने) आत बसवायच्या, कोबा पुन्हा ओट्यावर गोलाई देऊन चढवायचा. मग ओट्यावर बेसप्लेट. वेळ जातो, पण परत हात लावावा लागत नाही.

हौसेने दोन दात करू नका. दोन दात केले की मधे पन्हळ आली, आणि पन्हळ आली की गळती आली. गिरणीत दर पावसाळ्यात पन्हळी साफ करायला माणसं असायची. तुमच्याकडे कोण आहे?

साळखाता | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४५

होती माणसं. आणि तरी गळायचंच, वडील म्हणतात.

खवचट_काका | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१०

इतकं सगळं केल्यावर खोलीत सन उरला किती आणि रूम उरली किती?

कोनमापक | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

सन थंडीत पावणेपाच फूट. रूम बारा महिने. मला तर सौदा बरा वाटतो.

वऱ्हाडी_ठेचा | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

हवेचं राहिलं. छपराच्या सगळ्यात वरच्या टोकाला गरम हवा जमते, तिला वाट द्या. एमआयडीसीतल्या शेडवर ते फिरणारे स्टीलचे कांदे असतात ना, टर्बो व्हेंटिलेटर, त्याला लाइट लागत नाही. खालून पश्चिमेच्या जाळीतून हवा आत, वरून कांद्यातून बाहेर. मी शेवटी गोठ्याला तेच बसवलं. ५० चे ४२ झाले. उरलेलं नशीब.

पोटमाळा | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

डोकं गरगरतंय, पण चांगल्या अर्थाने. नवऱ्याला "कांदा" फारच आवडलाय. इंडस्ट्रियल म्हणजे हेच, म्हणे. जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारतो, जुन्या लोखंडी खिडक्या मिळतात का बघतो.

भोसरीकर | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

घ्या, पण दोन गोष्टी तपासा. जुन्या सरकारी क्वार्टरच्या, शाळांच्या त्या लोखंडी खिडक्या, काच लांबी (पुटी) भरून बसवलेल्या. सेक्शन उत्तम असतं, आता तसं मिळत नाही. पण बिजागऱ्या गंजून जाम असतात आणि चौकट पिळलेली असते. जमिनीवर आडवी टाकून चारही कोपरे टेकतात का बघा. आणि आत तारेची जाळी असलेली काच मिळाली तर दिसायला भारी, मजबूत समजू नका. साध्या काचेपेक्षा ती कमीच सोसते. हाताच्या उंचीवर लावू नका, वरच्या पट्ट्यात चालेल.

कोनमापक | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

शिवाय ही खोली झोपायच्या खोलीतूनच उघडते. दुसरी वाट नाही. तेव्हा छपराखाली सिलिंग म्हणून बांबूच्या चटया, कृत्रिम गवत, उघडा फोम असलं काही लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या आगीत १४ जण गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. पफ पॅनेल (मधे फोम भरलेलं) घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी पत्रा असलेलं आणि कापलेल्या कडा बंद केलेलं.

पोटमाळा | २७ मार्च, रात्री १०:००

बरेच दिवसांनी. मधे परवानगी, इंजिनिअर, पुन्हा परवानगी यांत गेले. एफएसआय थोडा शिल्लक होता, सुटलो. आधीच्या फॅब्रिकेटरला नम्रपणे नमस्कार केला.

सध्याची स्थिती: सहा खांब ओट्यांवर उभे. कोबा फोडताना दोन खांबांच्या जागी खाली बीम निघालाच नाही, इंजिनिअरने जागा सरकवल्या. छपराला ५० मिमीचं पफ पॅनेल. उत्तरेचा तीन फुटी पट्टा लॅमिनेटेड काचेचा. दक्षिणेला जुन्या बाजारातल्या चार खिडक्या! पाचवी पिळलेली निघाली, ती भिंतीवर आरसा लावून टांगणार. पश्चिमेला विटांची जाळी. खाली आयपीएस (घोटलेली सिमेंटची जमीन), चार-चार फुटांचे भाग पाडून मधे काचेच्या पट्ट्या. गवंडी म्हणाला, "ताई, आजकाल लोक टाइल लावतात, ही शाळेसारखी जमीन कशाला?" त्याने मात्र घोटून अशी केलीय की चेहरा दिसतो.

पाइप व्हर्निअरने मोजले. ३.२ चा होता. मोजताना पाहून फॅब्रिकेटरच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं. "कुठे शिकलात?" म्हणाला.

भोसरीकर | २७ मार्च, रात्री १०:२५

सांगू नका कुठे ते. मला धंदा करायचाय.

पोटमाळा | १९ मे, सायंकाळी ७:४०

फोटो टाकणार होते, त्याऐवजी रडगाणं. आज वळीव आला. पहिल्या दहा मिनिटांत पूर्वेच्या भिंतीवरून पाण्याचे ओघळ, नवीन पुस्तकांच्या कपाटामागून. छप्पर जिथे घराच्या भिंतीला टेकतं तिथून. कारागिराने तिथे पत्र्याची पट्टी लावून वरून सिलिकॉन फासलंय. चौदा फूट लांब जोड, अर्ध्यावर सिलिकॉन सुटलंय.

भोसरीकर | १९ मे, रात्री ८:००

प्लॅस्टरवर फासलेलं सिलिकॉन टिकत नाही, मागचा रंग सुटतो आणि ते त्याच्याबरोबर येतं. ग्राइंडरने भिंतीत इंचभर खोल खाच मारा, उताराच्या रेषेत. पट्टीची वरची कड दुमडून त्या खाचेत आत घाला, मग पीयू सीलंट भरा. पाणी भिंतीवरून आलं की पट्टीवर उतरेल, मागे जाणार नाही. सीलंट हा शेवटचा उपाय, पहिला नाही. उद्याच बोलवा, मेअखेरीला कुणी मिळणार नाही.

देवगडी | १९ मे, रात्री ८:२०

कपाट भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा एवढ्यात. फुगेल.

पोटमाळा | १४ जून, सकाळी ८:१०

खाच मारली. तीन मोठे पाऊस होऊन गेले, कोरडं आहे. कपाटाची मागची फळी फुगलीच.

उन्हाळ्याचा हिशेबही देते, कारण वऱ्हाडींनी थर्मामीटरची सवय लावली. मेमध्ये दुपारी तीनला बाहेर सावलीत ३९ असताना आत ३८ ते ३९. एसी नाही, पंखा आणि कांदा. बसवतं असं नाही म्हणणार, पण झोपायच्या खोलीपेक्षा वाईट नव्हतं. पाच नंतर जाळीतून विटांच्या भोकांचे कवडसे जमिनीवर सरकतात, ते कोनमापकांनी सांगितलं नव्हतं. नवरा काम सोडून ते बघत बसतो.

पत्र्यावर पावसाचा आवाज मात्र खोलीतल्या फोनवर समोरच्याला ऐकू जातो. पफ असूनही. मीटिंग असेल तर आत यावं लागतं.

पोटमाळा | २२ डिसेंबर, दुपारी १:३०

कोनमापक, हे तुमच्यासाठी. आज साडेबाराला खडू घेऊन बसले. दक्षिणेच्या खिडकीपासून उन्हाची कड मोजली. चार फूट आठ इंच. सासूबाईंची आरामखुर्ची नेमकी त्या पट्ट्यात बसते, पाय खिडकीकडे. त्या म्हणतात की रेघ पुसू नकोस, रोज बघते कुठे जातं ते.

कोनमापक | २२ डिसेंबर, दुपारी २:१५

एक इंच कुठे गेला?

पोटमाळा | २२ डिसेंबर, दुपारी २:३०

भोसरीकरांना विचारा, पाळ त्यांच्या जातभाईने केलीय.

भोसरीकर | २२ डिसेंबर, रात्री ९:००

एक इंच आमच्याकडे मापात धरत नाहीत.

अडुळसा | २३ डिसेंबर, सकाळी ७:००

नेचे कसे आहेत?

पोटमाळा | २३ डिसेंबर, सकाळी ९:४०

उत्तरेला ठेवलेले चारही जिवंत. एक मी हौसेने आरशाच्या खिडकीखाली ठेवला होता, तो गेला. आणि कांद्यात साळुंक्यांनी काड्या आणायला सुरुवात केलीय, खालून जाळी लावायची राहून गेली होती. ती आतून लावली तर फिरायला अडथळा येईल का, वऱ्हाडी?

वऱ्हाडी_ठेचा | २३ डिसेंबर, दुपारी १:००

नाही येत. गळ्याच्या खाली लावा, पात्यांना टेकू नका. आणि आत्ताच लावा. अंडी घातली की मग पिल्लं उडेपर्यंत हात लावता येणार नाही, तुमच्या घरात तर नाहीच.